पत्रापेक्षा पाकीट जड

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले की उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगांव लागते. पोलाद आणि रोलिंग मिलच्या या परिसरात घरापासून दूर राहणारा कामगारवर्ग मोठा आहे. रात्री दर उतरेपर्यंत थांबून, एसटीडी बूथमधल्या मीटरवर डोळा ठेवून बोलण्याचे दिवस त्यांच्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असतील. आज तेच संभाषण मोबाईलच्या डेटा जोडणीवरून, मिनिटांचा हिशेब न ठेवता चालते.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. मात्र संगणकावरून देशांतर्गत साध्या दूरध्वनीला कॉल लावण्याची मुभा त्यात नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या स्काइपने परदेशी गेलेल्या मुलांशी बोलण्याची सोय घरोघर पोहोचवली. ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. सवय मात्र राहिली.

या बोलण्यामागची यंत्रणा मोठी मनोरंजक आहे. पारंपरिक डिजिटल दूरध्वनीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि त्यासाठी ६४ किलोबिट लागतात. तोच आवाज संक्षेपाने ८ किलोबिटांत बसवता येतो. मग त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून सेकंदाला ५० पुडकी रवाना होतात. अशा एका पुडक्यात आवाज २० बाइट, तर पत्ता आणि क्रमांक यांचा मजकूर ४० बाइट! पत्रापेक्षा पाकीट जड म्हणावे, तसे हे आहे. बोलणे सहज वाटावे यासाठी पुडके साधारण १५० मिलिसेकंदांत पोहोचावे लागते. जुन्या जीपीआरएस जोडणीवर ते जमत नसे. म्हणून निम्मा वेळ 'हॅलो, ऐकू येतंय का?' यातच जाई. फोर-जीने ही अडचण बरीच दूर केली. तरीही एक भेद उरतोच. मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या फोर-जी कॉलला जाळ्यात अग्रक्रम असतो, तर अॅपवरील कॉल चित्रपट आणि छायाचित्रांच्याच रांगेत उभा राहतो.

बँकेच्या ग्राहकाने दुसरा भेद अधिक जपावा. अॅपवरील कॉलसोबत दिसणारे नाव आणि चित्र पलीकडच्याने स्वतः लावलेले असते. तेथे बँकेचे बोधचिन्ह किंवा पोलिसाचा गणवेशही झळकू शकतो. बँकांनी व्यवहारविषयक कॉल १६०० या अंकांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ रोजी दिली, ती यासाठीच. व्हिडिओ कॉलवर कोणी 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगून रक्कम मागू लागला, तर कॉल तत्काळ तोडावा. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर साध्या फोनवरून १९३० हा क्रमांक लावावा व शाखेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.