घोळ, चिवळ की दुधी?

पावसाळ्यात बोरिवली-मुलुंडच्या पदपथांच्या फटींतून, कुंड्यांतून घोळ ही रानभाजी आपसूक उगवते. तांबूस, गुळगुळीत, मांसल देठ, चमच्यासारखी जाड पाने आणि छोटी पिवळी फुले ही तिची खूण. चिवळ तिच्याच कुळातली. पण तिची पाने बारीक, फुलाला पाकळ्या चार आणि पेरांवर पांढरे केस. भाजीसाठी लावलेली घोळ उभट वाढते, पानेही मोठी असतात. बाल्कनीतले ‘ऑफिस टाइम’ही याच कुळातले, पण ते रंगीत फुलांसाठीच.

फसवते ते जमिनीलगत पसरणारे दुधी नावाचे तण. देठ मोडून पाहा: पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे, खाऊ नका. घोळीत ऑक्झलेट भरपूर असते, म्हणून मुतखडा झालेल्यांनी जपून खावी. गटाराकाठची तर कोणीच खुडू नये.