लिस्बनचा भूकंप आणि देवाची जबाबदारी

देव सर्वसमर्थ आहे, देव पूर्णपणे चांगला आहे आणि तरीही जगात क्रौर्य, रोगराई, दुष्काळ, कोवळ्या मुलांचे मृत्यू आहेत. ही तिन्ही विधाने एकत्र मांडली की ख्रिस्ती धर्मविचारातला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. देवाला हे अनिष्ट थांबवता येत नसेल तर तो समर्थ कसा, आणि थांबवता येत असून तो थांबवत नसेल तर चांगला कसा? हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगितला जातो. तो आपल्यापर्यंत पोचला तो मात्र चौथ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक लॅक्टान्शियस याच्या ग्रंथातून. म्हणजे चर्चने हा प्रश्न कधी दडवला नाही. तो लिहून ठेवला आणि त्याच्याशी दोन हजार वर्षे झुंज दिली.

ही झुंज ख्रिस्ती विचारात विशेष तीव्र का होते, हे भारतीय वाचकाला तुलनेने चटकन कळेल. ब्रह्मसूत्रांतही ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आक्षेप घेतलेला आहे. शंकराचार्यांनी त्याला दिलेले उत्तर असे की, ईश्वर जीवांना त्यांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून विषमतेचा दोष त्याच्याकडे जात नाही. ख्रिस्ती धर्मात पूर्वजन्म नाही. माणसाचे आयुष्य एकच, आणि सृष्टी तर देवाने शून्यातून निर्माण केलेली. जन्मतःच आजारी असलेल्या बाळाच्या दुःखाचा हिशेब मागच्या जन्मावर टाकता येत नाही, की देवाच्या आधीपासून असलेल्या एखाद्या जड द्रव्यावरही टाकता येत नाही. सगळ्या वाटा फिरून निर्मात्याकडेच येतात.

बायबलमध्ये या प्रश्नाला एक ठरीव उत्तर नाही. ईयोबाच्या पुस्तकात एका सज्जन माणसाची गुरेढोरे, मुलेबाळे आणि आरोग्य एकामागून एक हिरावले जाते. सांत्वनाला आलेले मित्र त्याला पुनःपुन्हा समजावतात की देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्या हातून काहीतरी पाप घडलेलेच असणार. ईयोब हे मान्य करत नाही. तो देवालाच जाब विचारतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो, सृष्टीची अफाटता दाखवतो, पण ईयोबाच्या ‘का?’ला थेट उत्तर देत नाही. मात्र नंतर तो मित्रांवर संतापतो आणि खरे बोलला तो ईयोबच, असा निवाडा देतो. देवाची बाजू घेऊन दुःखिताला दोषी ठरवणाऱ्यांना खुद्द देवच फटकारतो, ही या पुस्तकातली सर्वांत धीट गोष्ट आहे. पुढच्या अनेक धर्मपंडितांना तिचा विसर पडला. येशूच्या शिकवणीतही हाच धागा दिसतो. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांहून जास्त पापी होते का, या प्रश्नाला त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जन्मांध माणसाने पाप केले की त्याच्या आईबापांनी, असे शिष्य विचारतात, तेव्हाही तो दोन्ही पर्याय नाकारतो.

पाश्चात्त्य चर्चला या विषयाची चौकट दिली ती संत ऑगस्टिनने. उत्तर आफ्रिकेतल्या थगास्ते गावी 354 साली जन्मलेला हा बुद्धिमान तरुण सुमारे नऊ वर्षे मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात होता. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे एकमेकांशी लढत आहेत, असे तो पंथ सांगे. त्यामुळे देव निर्दोष राहतो खरा, पण सर्वसमर्थ राहत नाही. ऑगस्टिनला हा सौदा पटेनासा झाला. प्लेटोच्या परंपरेतले नवप्लेटोवादी ग्रंथ वाचून त्याला वेगळी वाट सापडली. अनिष्ट ही स्वतंत्र वस्तूच नव्हे, ती चांगल्याची उणीव आहे. जखम म्हणजे शरीरात घुसलेला वेगळा पदार्थ नसतो, आरोग्याचा अभाव असतो, तसेच पाप म्हणजे इच्छेचे वळण चुकणे. देवाने जे निर्मिले ते सगळे चांगले, आणि अनिष्ट निर्मिलेलेच नसल्यामुळे त्याचा निर्माता शोधण्याचे कारण उरत नाही.

मग ही उणीव आली कोठून? ऑगस्टिनचे उत्तर होते, स्वतंत्र इच्छेतून. आधी काही देवदूत, मग आदाम आणि एवा देवापासून वळले, आणि त्या मूळ पापाची लागण पुढच्या सर्व मानवजातीला झाली. रोग, मृत्यू आणि कष्ट ही त्याचीच शिक्षा. हेच कथानक पुढे युरोपभर आणि जिथे जिथे मिशनरी गेले तिथे पोचले. गोव्यात जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त आदामाच्या पतनाची ही कथा मराठी ओव्यांत आली.

ऑगस्टिनच्या मांडणीची ताकद तिच्या नेमकेपणात आहे. तिचा दुबळेपणाही तिथेच आहे. सर्व काही चांगलेच निर्मिले असेल तर पहिल्या देवदूताची इच्छा वाकडी झाली कशी, याला त्याच्याकडे कारण नव्हते. अभावाला कारण नसते, एवढेच तो सांगू शकला. त्याहून जड गोष्ट म्हणजे आदामाच्या अपराधात नवजात बालकेही सहभागी धरली गेली. बाप्तिस्मा न होता मेलेली मुले दंडास पात्र आहेत, भले तो दंड सर्वांत सौम्य असो, असे ऑगस्टिनने लिहिले. या निष्कर्षाची बोच कॅथलिक चर्चला शतकानुशतके लागून राहिली. अखेर 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने अशा मुलांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार आहेत, असे सांगणारा दस्तऐवज प्रसिद्ध केला.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने देवाच्या अस्तित्वाचे पाच पुरावे देण्याआधी त्याविरुद्धचा पहिला आक्षेप म्हणून अनिष्टाचाच उल्लेख केला. त्याचे म्हणणे असे की, देव अनिष्ट करत नाही, घडू देतो, आणि त्यातून चांगले निर्माण करतो. ‘करणे’ आणि ‘होऊ देणे’ यांतला हा भेद देवाच्या जबाबदारीच्या चर्चेचा कणा ठरला. तो सर्वांना पुरेसा वाटला नाही. सोळाव्या शतकातला सुधारक जॉन कॅल्विन याने ही निव्वळ पळवाट मानली. देवाच्या संकल्पाबाहेर काहीच घडत नाही, फक्त त्याचा हेतू पवित्र असतो आणि माणसाचा दुष्ट, ही त्याची भूमिका. कॅल्विन निदान प्रश्नाला बगल देत नाही. ज्याला सारे थांबवता येते त्याने ‘मी फक्त होऊ दिले’ म्हणणे कितपत पुरते, ही शंका त्याने उघडी ठेवली. पण या भूमिकेमुळे त्याचा देव अनेकांना भयंकर वाटू लागला.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने 1710 मध्ये देवाच्या न्यायाचे समर्थन करणारा ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. शक्य असलेल्या असंख्य जगांपैकी सर्वांत चांगले जग देवाने निवडले, त्यातली दुःखे संपूर्ण रचनेसाठी अटळ आहेत, असे त्याचे प्रतिपादन. ते नीट वाचले तर त्यात भाबडा आशावाद नाही. हे जग सुखाचे आहे असे तो म्हणत नाही, याहून चांगले जग शक्य नव्हते एवढेच म्हणतो. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांतच या विचाराला असा हादरा बसला की त्याचे नाव घेणेही अवघड झाले.

1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांच्या सणाची सकाळ. पोर्तुगालची राजधानी लिस्बनमधली चर्चे मिस्सा या उपासनेसाठी भरलेली असताना साडेनऊनंतर प्रचंड भूकंप झाला. छते भाविकांवर कोसळली. जीव वाचवून टॅगस नदीच्या काठावरील मोकळ्या जागेत धावलेल्यांना समुद्रातून आलेल्या लाटांनी गाठले. वेदीवरच्या मेणबत्त्या आणि घरांतल्या चुली यांतून लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. सर्व संतांच्या नावाने चालणाऱ्या मोठ्या इस्पितळात रुग्ण जळून मेले. मृतांच्या संख्येचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. पाखंडाबद्दल शिक्षा देणाऱ्या इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा वाडाही पडला. पवित्र दिवस, पवित्र वेळ, पवित्र स्थळ, आणि मेले ते प्रार्थना करणारे. पापाची शिक्षा म्हणावी तर अशी निवड कशी?

तरीही शिक्षेची भाषा लगेच सुरू झाली. इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी त्यात देवाचा न्याय पाहिला. लिस्बनमध्ये वृद्ध जेझुइट गॅब्रिएल मालाग्रिदा यांनी 1756 च्या पुस्तिकेत लिहिले की, हा भूकंप नैसर्गिक कारणांचा नव्हे, लिस्बनच्या पापांचा आहे. दुसऱ्या बाजूला राजाचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेला कार्व्हाल्यु, प्रेते समुद्रात सोडून साथ टाळण्याच्या आणि शहर पुन्हा बांधण्याच्या कामाला लागला. हादरे किती वेळ जाणवले, नुकसान किती झाले, याची माहिती त्याने प्रश्नावली पाठवून गावोगावच्या धर्मगुरूंकडून मागवली. नव्या इमारतींच्या भिंतींत भूकंपाला तोंड देणारे लाकडी सांगाडे बसवले गेले. लोक पश्चात्तापात गुंतले तर शहर उभे राहणार नाही, अशी त्याची धारणा होती. मालाग्रिदांना त्याने लिस्बनबाहेर घालवले आणि अखेर 1761 मध्ये इन्क्विझिशनकरवी पाखंडाच्या आरोपाखाली गळा आवळून, मग जाळून मारवले. भूकंपाचे धर्मशास्त्रीय स्पष्टीकरण चुकीचे होते म्हणून त्या म्हाताऱ्यावर झालेला अत्याचार लहान होत नाही. त्याआधीच, 1759 मध्ये, जेझुइट संघ पोर्तुगालमधून आणि त्याच्या वसाहतींतून हद्दपार झाला होता. त्यात गोवाही होता. याच पोंबालच्या कारकिर्दीत 1774 साली गोव्यातले इन्क्विझिशन बंद झाले. 1778 मध्ये ते परत सुरू झाले आणि 1812 मध्ये कायमचे संपले.

फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने 1756 मध्ये या आपत्तीवर दीर्घ कविता लिहिली आणि 1759 च्या ‘कांदीद’ या कथेत लायब्निट्सच्या अनुयायांची रेवडी उडवली. विचारवंत रूसोने व्हॉल्तेअरला पत्र लिहून निराळा मुद्दा काढला. सहा-सात मजल्यांची दाट घरे निसर्गाने बांधली नव्हती, लोक विखरून राहत असते तर इतके मेले नसते. आपत्तीतला माणसाचा वाटा इतक्या स्पष्टपणे दाखवणारे हे बहुधा पहिलेच लेखन असावे. तरुण जर्मन तत्त्वज्ञ कांटने भूकंपावर तीन निबंध लिहिले आणि देवाचे हेतू आपल्याला कळले आहेत, असे मानणे हा माणसाचा उद्धटपणा असल्याचे सांगितले. पुढे 1791 मध्ये त्याने देवाच्या समर्थनाचे सगळे तात्त्विक प्रयत्न फसल्याचे जाहीर केले, आणि नमुना म्हणून पुढे केला तो प्रामाणिक ईयोब.

विसाव्या शतकात वाद तर्कशास्त्राच्या आखाड्यात गेला. 1955 मध्ये तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी मांडले की सर्वसमर्थ, पूर्ण चांगला देव आणि अनिष्ट यांत सरळ विसंगती आहे. ख्रिस्ती तत्त्वज्ञ आल्विन प्लांटिंगा यांनी उत्तर दिले की, खरे स्वातंत्र्य असलेली माणसे निर्माण करायची तर ती कधीच चुकणार नाहीत याची खात्री देवालाही देता येणार नाही, अशी शक्यता तरी आहे. आणि विसंगतीचा आरोप मोडायला तेवढी शक्यता पुरते. बहुतेक तत्त्वज्ञांनी हे मान्य केले. पण 1979 मध्ये विल्यम रो यांनी वणव्यात होरपळून काही दिवस तळमळत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचे उदाहरण दिले. त्या वेदनेतून कोणाचे स्वातंत्र्य जपले जाते? विसंगती नसेलही, पण असे दुःख देवाच्या विरोधातला पुरावा ठरते, हा त्यांचा दावा अजून पुसला गेलेला नाही. जॉन हिक यांनी 1966 मध्ये दुसऱ्या शतकातल्या लियॉनच्या बिशप इरिनियसचा आधार घेऊन वेगळी दिशा सुचवली होती: माणूस अपक्वच निर्माण झाला, आणि खडतर जगातूनच त्याचा आत्मा घडतो. काही दुःखे माणसाला घडवतात हे खरे, पण अनेक दुःखे माणसाला मोडूनच टाकतात. नाझी छळछावण्यांत मेलेल्या मुलांपुढे या युक्तिवादाचा टिकाव लागत नाही. हिक यांनाही शेवटी मृत्यूनंतरच्या प्रवासाचा आधार घ्यावा लागला.

दुसऱ्या महायुद्धातून आलेल्या धर्मशास्त्राने प्रश्नाची जागाच बदलली. जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफर यांनी 1944 मध्ये तुरुंगातून लिहिले की, मदत करू शकतो तो दुःख सोसणारा देवच. 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी झाली. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान 1943 मध्ये सतरा वर्षांचे असताना हॅम्बुर्गवरच्या बॉम्बवर्षावात विमानविरोधी तोफेवर होते. शेजारी उभा असलेला मित्र मेला आणि ते वाचले. त्यांच्या 1972 च्या ग्रंथात क्रुसावर येशूला सोडून दिले जाणे ही देवाच्या स्वतःच्या अंतरात घडलेली वेदना आहे. देवाला दुःख स्पर्शच करत नाही, ही जुनी शिकवण त्यामुळे हादरली. टीकाकार विचारतात, बुडणाऱ्याबरोबर देवही बुडाला तर वाचवणार कोण? मोल्टमान यांचा आधार पुनरुत्थानावर आहे, आणि तो श्रद्धेचा आधार आहे, पुराव्याचा नाही.

तत्त्वज्ञ मेरिलिन मॅककॉर्ड ॲडम्स यांनी 1999 च्या पुस्तकात जबाबदारीचा अर्थ आणखी पुढे नेला. अशी भीषण दुःखे देवाने का होऊ दिली याचे पटण्याजोगे कारण देता येत नाही, हे त्या कबूल करतात. त्यांच्या मते देव चांगला ठरायचा असेल तर एकूण जग सुंदर असून भागत नाही. उद्ध्वस्त झालेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिच्या स्वतःच्या दृष्टीने, आपले आयुष्य जगण्याजोगे होते असे वाटेल इथपर्यंत त्याने तिला पोचवले पाहिजे, मृत्यूनंतर का होईना. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात नैतिक अनिष्टाचे कारण देव कोणत्याही प्रकारे नाही असे ठामपणे म्हटले आहे, पण अनिष्ट का आहे याला कोणतेही झटपट उत्तर पुरे पडणार नाही, हेही त्याच ठिकाणी मान्य केले आहे.