ट्रॅक्टरचा गिअर जड पडणें : कारणें व उपाय

ट्रॅक्टरचा गिअर जड पडूं लागला म्हणजे चालविणारा बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. तो लिव्हर अधिक जोरानें रेटतो, नाहीं तर गिअरबॉक्स गेला असें समजून तो उघडण्याच्या खर्चास तयार होतो. आमच्या मतें पहिली गोष्ट घातक, व दुसरी पुष्कळदां अनाठायीं होय. दोष बहुतेक वेळां गिअरबॉक्सच्या बाहेर, क्लचमध्यें असतो. आणि तो कोठें आहे याचा निर्णय शेतकऱ्यास एकही बोल्ट न सोडवितां स्वतः करतां येतो.

इंजिनची शक्ति फ्लायव्हीलवरून क्लचप्लेटला व तेथून गिअरबॉक्सच्या शाफ्टला मिळते. पेडल दाबलें म्हणजे प्लेट मोकळी सुटते, शाफ्ट फिरावयाचा थांबतो, आणि मग एका चाकाचे दांते दुसऱ्याच्या खांचांत बसूं शकतात. कॅडिलॅक मोटारींत १९२८ सालीं जी सिंक्रोमेश योजना प्रथम आली, तिनें दोन्ही भागांचा वेग आधीं सारखा होतो, म्हणून चालत्या गाडींत गिअर सहज पडतो. आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरांत ही सोय नाहीं; त्यांचा गिअर ट्रॅक्टर उभा करूनच घालावयाचा असतो. मोटार चालविण्याची संवय झालेल्या तरुणांस हें पटत नाहीं, व दांत्यांच्या कडा मात्र गोल होत जातात. कधीं कधीं उभ्या ट्रॅक्टरांतही दांत्यावर दांता येऊन गिअर अडतो. तो दोष नव्हे. लिव्हर न्यूट्रलमध्यें आणून क्लच क्षणभर सोडावा व पुन्हा दाबावा, कीं गिअर बसतो.

आतां परीक्षा कशी करावी तें सांगतों. सपाट जागीं इंजिन बंद करून, क्लच पुरता दाबून, एकामागून एक सर्व गिअर घालून पाहावे. एखादा न बसल्यास ट्रॅक्टर थोडा पुढेंमागें ढकलून पुन्हा पाहावें. असे सर्व गिअर सहज पडले, परंतु इंजिन सुरू होतांच करकर होऊं लागली, तर दोष क्लचचा. खात्रीसाठीं इंजिन मंद ठेवून, पेडल तळापर्यंत दाबून, मनांत पांच अंक मोजावे व मग रिव्हर्स घालावा. तरीही करकर झाली तर संशय नको. उलट, इंजिन बंद असतांही सर्वच गिअर जड लागले, तर लिव्हरचे जोड व ऑइल पाहावें. एकच गिअर अडतो व बाकीचे ठीक आहेत, तर तो गिअर सरकविणारा काटा किंवा त्याचे दांते बिघडलेले असण्याचा संभव. तेव्हां मात्र गिअरबॉक्स बहुधा उघडावाच लागतो.

क्लचच्या दोषांत पहिला पेडलच्या मोकळ्या चालीचा. पेडल हातानें हलकेच दाबलें असतां जोर लागण्यापूर्वीं तें जितकें खालीं जातें, ती मोकळी चाल. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती २० ते ४० मिलिमीटरांच्या दरम्यान असते. नेमका आंकडा कंपनीच्या पुस्तकांत पाहावा. पिना व त्यांचीं छिद्रें झिजून ही चाल वाढली, कीं पेडल तळाला टेकूनही प्लेट सुटत नाहीं. रॉडचे नट फिरवून ती बरोबर करणें हें घडीभराचें काम. परंतु कांहीं मेस्त्री गिअर हलका पडावा म्हणून चाल अजिबात नाहींशी करतात. गिऱ्हाईक त्या दिवशीं खूष होतें. पुढें क्लच घसरूं लागतो व प्लेट जळते.

दुसरा दोष पावसाळ्याचा. कोकण, मावळ, भंडारा, गोंदिया या भातपट्ट्यांत ट्रॅक्टर चिखलणीस घालतात. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या क्लचच्या कोठीस तळाशीं एक छिद्र असतें. चिखलणीपूर्वीं त्यांत बूच बसवावयाचें, व काम संपतांच तें काढावयाचें. न बसविल्यास चिखलपाणी आंत शिरतें. न काढल्यास आंत झिरपलेलें पाणी वा ऑइल तेथेंच सांचतें. असा ओला ट्रॅक्टर महिना दोन महिने उभा राहिला, कीं प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. मग पेडल दाबून उपयोग नाहीं. त्या स्थितींत ट्रॅक्टर गिअरमध्यें सुरू केल्यास तो तत्काळ धांवूं लागतो. म्हणून चिकटलेली प्लेट सोडविण्याचें काम अंगणांत, मुलेंबाळें फिरत असतां, कधींही करूं नये. जाणत्या माणसाकडून मोकळ्या रानांत करून घ्यावें. त्यापेक्षां ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा करतांना पेडल दाबून त्यास लांकडाचा टेका द्यावा, म्हणजे प्लेट चिकटतच नाहीं.

ऑइलविषयीं थोडकें. थंडीच्या पहांटे गिअर जड लागून घटकाभरानें हलका होत असेल, तर ऑइल थिजलें होतें इतकेंच. पट्टीवरील ऑइल दुधाळ दिसलें, तर त्यांत पाणी गेलें आहे; तें बदलावें. ज्या ट्रॅक्टरांत गिअर व हायड्रॉलिक यांचें ऑइल एकच असतें, तेथें दुकानदार देईल तें ऑइल घालूं नये, लिफ्टचीही हानि होते. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. ज्याची नोंद नाहीं तें घडलेंच नाहीं असें धरण्याची आम्हांस खोड आहे. ऑइल बदलल्याची तारीख व मीटरवरील तास एका वहींत लिहावे. बाहेरच्या जोडांस ग्रीस द्यावें हें सांगणें नकोच.

उंसाची भरलेली ट्रॉली घेऊन घाट किंवा ओढ्याचा उतार उतरतांना चालत्या ट्रॅक्टरचा गिअर काढला, व दुसरा जड असल्यामुळें बसला नाहीं, तर इंजिनचा आवर सुटून सारें ओझें ब्रेकांवर येतें. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसले तर ती ट्रॅक्टरलाच पुढें रेटते. अशा वेळीं क्लच दाबून धरणेंही तितकेंच वाईट. उताराच्या माथ्यावर ट्रॅक्टर पुरता थांबवावा, दोन्ही ब्रेक-पेडलें कडीनें जोडलेलीं आहेत हें पाहावें, खालचा गिअर घालावा, आणि पायथा येईपर्यंत लिव्हरला हात लावूं नये.