बिनविरोध म्हणजे एकमत नव्हे

ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गावात फटाके वाजतात. वैर टळले, खर्च वाचला, आमदारांनी जाहीर केलेला बक्षिसाचा निधीही पदरात पडेल. पण बिनविरोधचा कायदेशीर अर्थ एवढाच, की माघारीच्या मुदतीनंतर जागेइतकेच अर्ज उरले. बाकीचे का उरले नाहीत, हे निकालाच्या कागदावर येत नाही. हे ठरवणाऱ्या देवळातल्या बैठकीत कोण बोलले, कोण मान खाली घालून ऐकत होते, बायकांना बोलावले होते का, हेही नाही. मतदान झाले असते तर नाराजाच्या हाती निदान ‘नोटा’चे बटण होते.

या बैठकीचा दर कधी कधी उघडही होतो. नाशिक जिल्ह्यातले उमराणे कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध. लिलाव तिथे रोजचाच. 2020 च्या अखेरीस तिथे सरपंचपदाचीच बोली लागली आणि ती दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. नंदुरबारमधल्या खोंडामळीतही तसेच. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. ‘बोलीचा पैसा देवळालाच जाणार, मग बिघडले कुठे?’ हा बचाव ऐकायला भाविक वाटतो. पण बोली लावायची ऐपत नसलेल्याचा उमेदवारीचा हक्क त्या देवळाच्या पायरीवरच संपतो.

ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नसते, म्हणून तिथे राजकारण नसते, असेही समजतात. पण कोणते पॅनेल कोणत्या पक्षाचे, हे शेंबडे पोरही सांगेल.

निवडणुकीत काहीही होवो, ग्रामसभेत जाब विचारता येतो, हे मात्र अर्धे खरे. वर्षात किमान चार सभा बंधनकारक आहेत. गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल ती. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला ती अटच नाही. मोजक्या माणसांत ठराव उरकायचा असेल, तर रिकामी सभा सोयीचीच पडते.

उघड चर्चेतून एकमत करणारे गावही आपल्याकडे आहे: गडचिरोलीतले मेंढा (लेखा). तिथे आधी अभ्यासगटात विषय चघळतात, मग ग्रामसभेत मांडतात. एखाद्याचा विरोध उरला, तर बहुमताने रेटत नाहीत, पुन्हा बसतात. सभा लांबतात, हे खरेच.