ऑपरेशन मणक्याचे, पथ्य साऱ्या घराचे

आपल्या वस्तीत कंबरदुखीला कोणी आजार समजत नाही. ताप आला तर बाई घटकाभर अंथरुणाला पाठ टेकते, पण कंबर दुखते म्हणून कोणी काम सोडत नाही. 'बाळंतपणात वारं लागलं', 'आता वय झालं', 'कष्टाचं शरीर आहे, दुखायचंच' असे म्हणत ती पदर खोचते आणि पुन्हा हंडा उचलते. घरच्यांनाही त्याची सवय होऊन जाते. जखम दिसत नाही, सूज दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते घरात मोजले जात नाही. मग एके दिवशी पायात मुंग्या येतात, पाऊल टाकवेनासे होते आणि डॉक्टर सांगतात, 'गादी सरकली आहे.' तेव्हा घरात धावपळ उडते. ऑपरेशन करावे की नाही? केले तर माणूस कायमचा अधू होईल काय? पैसा कुठून आणायचा? या प्रश्नांचा शांतपणे विचार व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

ओझे कोणाच्या कमरेवर?

लातूरच्या माणसाला पाण्याचे वजन सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराचे नळ कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने त्या गाडीची छायाचित्रे पाहिली. पण गाडी स्टेशनात थांबली. टँकरपासून घरातल्या रांजणापर्यंतचा प्रवास बायका-मुलींच्या डोक्यावरून आणि कमरेवरूनच झाला, त्याचे छायाचित्र फार थोड्यांनी पाहिले.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. डोक्यावर पंधरा लिटरचा हंडा आणि काखेत दहा लिटरची कळशी म्हणजे पंचवीस किलो. अशा आठ खेपा झाल्या की सकाळच्या प्रहरी दोनशे किलो ओझे त्या कमरेवरून गेले. त्यानंतर मजुरी, आणि संध्याकाळी पुन्हा चूल.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे हाल तर विचारू नका. मराठवाड्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात माणसे कोयता घेऊन जातात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथे 'एक कोयता' म्हणतात. दिवसभर वाकून तोडायचे, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालाची आणि विटा वाहणाऱ्या बाईची गत यापेक्षा वेगळी नाही.

गादी सरकते म्हणजे काय?

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिचे कडे चिवट असते आणि आत मऊ गर असतो. तिच्यामुळे वाकता येते आणि हिसका झेलला जातो. वर्षानुवर्षे ओझे पडले की कडे झिजते, त्याला चीर पडते आणि आतला गर बाहेर डोकावतो. शेजारून पायाकडे जाणारी नस त्याने दाबली गेली की कळ कुल्ल्यातून मांडीत, पोटरीत आणि थेट पावलापर्यंत उतरते. यालाच सायटिका म्हणतात. कमरेच्या अगदी खालच्या दोन गाद्यांवर भार जास्त, म्हणून बहुधा त्याच सरकतात.

आल्फ नाखेमसन या स्वीडिश डॉक्टरांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. तो निजलेल्या माणसात सर्वांत कमी भरला, उभ्या माणसात त्याहून जास्त आणि बसलेल्यात आणखी जास्त. सर्वांत अधिक दाब भरला तो पुढे वाकून वजन उचलणाऱ्याचा. म्हणजे हंडा उचलताना आणि मोळी बांधताना आपल्या भगिनी जे करतात, नेमके तेच.

उपचाराच्या नावाने अपाय

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, हा प्रकार आपल्याकडे अजून चालतो. जन्मताना पायाकडून आलेल्या माणसाच्या पायात कसला गुण असणार? साधी उसण बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय लाथेला मिळते. गादीच सरकलेली असेल तर तीच लाथ नसेला महागात पडते. बिब्ब्याने कातडी भाजते, डागणीने डाग राहतो, आतली नस दाबलेली ती दाबलेलीच. बिनाचिठ्ठीच्या पुड्यांत कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवस आराम वाटतो, पण हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते. वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने मनाने खाल्ल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते.

याहून भयंकर प्रकार बीड जिल्ह्यात उघडकीस आला. ऊसतोड भगिनींची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याची ओरड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कितीतरी जणी पोटदुखी, अंगावरून जाणे, कंबरदुखी अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. मोळीने झिजलेली कंबर गर्भाशय काढून कशी बरी होणार? ऑपरेशननंतरही कंबर दुखतच राहिल्याचे अनेक जणींनी सांगितले. म्हणून भगिनींनो, कंबर दुखते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले, तर शासकीय रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

ऑपरेशन केव्हा, केव्हा नाही?

सायटिकाच्या बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतार पडतो. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. पूर्वी महिना-महिना फळीवर झोपवून ठेवीत. आता ते शास्त्र बदलले आहे. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये कंबरदुखीच्या रुग्णांचे तीन गट करून पाहिले. एकाला अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला झेपेल तसे नेहमीचे हिंडणे-फिरणे. तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला. मात्र 'हिंडणे-फिरणे' याचा अर्थ हंडे वाहणे असा कोणी घेऊ नये.

नेदरलँडमधील डॉक्टरांनी २००७ मध्ये आणखी एक पाहणी प्रसिद्ध केली. तीव्र सायटिकाच्या काही रुग्णांचे लवकर ऑपरेशन केले. बाकीच्यांना आधी औषधोपचारावर ठेवले आणि गरज पडली तरच ऑपरेशन केले. ऑपरेशनवाल्यांची पायातली कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. तेव्हा घाईही नको आणि नुसती भीतीही नको. ऑपरेशनने पायातली कळ जितकी जाते तितकी कमरेतली जातेच असे नाही, हेही आधी समजून घ्यावे.

काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांमधली जागा बधिर होणे, पायातले बळ झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही. दुखणे रात्री वाढते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, असे असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. त्यावर औषधे आहेत आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण दीर्घकाळ न चुकता घ्यावी लागतात.

उंचावरून पडून किंवा अंगावर भिंत कोसळून मणक्याला मार लागला तर गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, तेव्हा हे लातूरने भोगले आहे. अशा माणसाला हातापायांना धरून उचलू नये. पाठ न वाकवता, सर्वांनी मिळून एकदम, त्याला फळीवर किंवा दारावर सरकवून न्यावे.

खर्चाची धास्ती सर्वांनाच असते. लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०१२ मध्ये नांदेडसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटावे आणि आपले ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारावे. सावकाराचे दार त्याआधी ठोठावू नये.

घरी आल्यावर

खरा कस ऑपरेशननंतर लागतो. गादीचे साधे ऑपरेशन झालेल्या माणसाला डॉक्टर बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करतात, चालवतात. टाके सुकतात, पायातली कळ थांबते, आणि इथेच घात होतो. बाईला वाटते, आपण बऱ्या झालो. सासूला वाटते, सून आता चालते-फिरते आहे. आठव्या दिवशी ती मोरीपाशी धुणे पिळत बसलेली दिसते. आतली जखम अजून ओली असते.

साधारण सहा आठवडे तीन गोष्टी टाळायच्या : कमरेतून वाकणे, वजन उचलणे आणि कमरेला पीळ देणे. आता ही पथ्ये आपल्या घरात आणून पाहा. वाकायचे नाही म्हणजे झाडलोट दुसऱ्याने करायची. उचलायचे नाही म्हणजे पाणी दुसऱ्याने भरायचे आणि लेकराला कडेवर दुसऱ्याने घ्यायचे. पीळ द्यायचा नाही म्हणजे धुणे दुसऱ्याने पिळायचे. खाली बसून भाकरी थापणे आणि शौचाला उकिडवे बसणे हेही काही दिवस बंद. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून कमोडची सोय घरच्या घरी होते. म्हणजे चिठ्ठीवर नाव एकीचे असले तरी पथ्य साऱ्या घराने पाळायचे असते. घराने पाळले नाही तर ते पथ्य कागदावरच राहते.

रोज थोडे चालावे आणि रोज थोडे वाढवावे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्यांनी सांगितल्या दिवसापासूनच सुरू करावेत. पट्टा जन्मभर बांधून ठेवू नये, त्याने पाठीचे स्नायू आळसावतात. विडी, तंबाखू आणि मिस्री सोडावी, कारण जखम भरून यायला त्यांचा अडथळा होतो. ताप आला, जखमेतून पाणी आले, पोटरी सुजली किंवा लघवीला त्रास झाला तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. जड कामाला केव्हा लागायचे हे त्यांनाच विचारावे. त्याला काही महिने लागू शकतात.

काहींचे दुखणे ऑपरेशननंतरही थोडेफार मागे राहते. अशा वेळी माणूस चिडचिडा होतो, रात्र रात्र जागतो, आपण घराला भार झालो असे त्याला वाटू लागते. त्याला 'नाटक करतो' म्हणणे हा मोठा अन्याय आहे.

तथागतांची पाठ

आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, महाकारुणिक तथागत बुद्धांनाही पाठदुखी होती. मज्झिम निकायातील सेख सुत्तात ती हकिकत आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. तथागतांनी तिथे रात्री उशिरापर्यंत उपदेश केला. मग पाठ दुखत असल्याचे सांगून पुढचा उपदेश त्यांनी आनंदावर सोपवला, संघाटीची चौघडी अंथरली आणि ते उजव्या कुशीवर पहुडले. दीघ निकायातील संगीति सुत्तात असाच प्रसंग पावा येथे मल्लांच्या सभागृहात घडतो. तिथे ही जबाबदारी सारिपुत्त घेतात.

यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तथागतांनी दुखणे लपवले नाही. त्याचा दोष पूर्वजन्माला दिला नाही की कसला नवस बोलला नाही. दुखते, एवढे सरळ सांगितले आणि आपले काम दुसऱ्यावर सोपवले. आनंदाने आणि सारिपुत्तांनी ते कुरकुर न करता उचलले, आणि काम उरकल्यावर तथागतांनी त्यांची वाखाणणी केली. आपल्या घरातली आई 'आज माझी पाठ दुखते, पाणी तुम्ही भरा' असे बिनदिक्कत म्हणू शकते काय? आणि ती म्हणाली तर घरात आनंद कोण होणार, सारिपुत्त कोण होणार?

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्यावर झुरणे, चिडणे, हाय खाणे हा दुसरा. पहिला कोणालाही चुकत नाही, दुसरा मनाच्या शिकवणीने चुकवता येतो. दुखणे जुने झालेल्यांना आनापानाचा म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा अभ्यास आधार देतो. त्याने गादी जागेवर बसत नाही, पण दुखण्यासोबत जगण्याचे बळ वाढते. आपल्या कितीतरी घरांत मात्र दुसरा बाण घरची माणसेच मारतात, टोमण्यांनी. तो थांबवायला डॉक्टर लागत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांच्या झोपा उडत. त्यांनी शास्त्रीय उपचार घेतले आणि डॉ. माईसाहेबांनी त्यांची औषधपाण्याची काळजी वाहिली. तशा प्रकृतीतच त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पुरा केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा १९४६ मध्ये झाला, तो त्यांच्याच प्रयत्नाने. राबणाऱ्या शरीराला मर्यादा असते, ही गोष्ट त्यांनी कायद्यात उतरवली. त्या बाबांची लेकरे म्हणवणाऱ्या आपल्या घरांत मात्र बाईच्या कामाला ना तासांची मर्यादा, ना वजनाची.

तेव्हा उद्या सकाळी नळाला पाणी येईल किंवा टँकर येईल, त्या वेळी घरातल्या धडधाकट मुलाच्या हातात कळशी द्या. ऑपरेशन झालेली बाई घरात असेल तर द्याच, नसेल तरी द्या.