खिसा रिकामा, खाते मोलाचे

पैसा चालतो कसा? : भाग 6

मागच्या भागात यूपीआयचा पत्ता आणि बँकेतले खाते एकमेकांना कसे जोडलेले असतात ते पाहिले. ही व्यवस्था ज्यांच्या सर्वाधिक अंगवळणी पडली आहे, त्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडे आज वळू.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचा दिवस घ्या. सकाळी टपरीवर चहा, दुपारी झेरॉक्स, रात्री मेस, मधेच कुणाच्या वाढदिवसाच्या केकची वर्गणी. रकमा दहा-वीसपासून शे-दीडशेच्या, पण दिवसातून कितीदा तरी. ‘स्कॅनर कुठंय?’ विचारायचे, पैसे भरायचे आणि निघायचे. केकचे पैसे एकाने द्यायचे, बाकीच्यांनी ‘जीपे करतो’ म्हणायचे. यूपीआय 2016 साली आले. जानेवारी 2020 पासून दुकानदाराला यूपीआयवर शुल्क पडत नाही, म्हणूनच दहा रुपयांच्या चहालाही टपरीवाला नाही म्हणत नाही.

अशा किरकोळ खर्चासाठीच 2022 मध्ये ‘यूपीआय लाइट’ आले. खात्यातले थोडे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायचे. सध्या अशी शिल्लक 5,000 रुपयांपर्यंत ठेवता येते आणि एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. महिन्याचा चहापाण्याचा आकडा एकदाच ठरवून तेवढेच पैसे त्यात टाकले, तर खर्चाला आपोआप बांध बसतो. मात्र फोनला चांगले कुलूप हवे, कारण इथे पिनची राखण नाही.

2024 मध्ये आलेले ‘यूपीआय सर्कल’ घरच्यांच्या सोयीचे आहे. यात आई किंवा वडील आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा मुलाला देतात. प्रत्येक वेळी स्वतः मंजुरी द्यायची, की महिन्याला 15,000 रुपयांपर्यंतची मर्यादा घालून मोकळे व्हायचे, हे त्यांनी ठरवायचे. खाते आईचे, फोन मुलाचा आणि हिशेब दोघांसमोर.

आता धोक्याकडे येऊ. विद्यार्थ्याच्या खात्यात असून असून किती असणार? महिनाअखेरीस चारशे-पाचशे रुपये. मग भामट्यांना त्याच्यात एवढा रस का? कारण त्यांना शिल्लक नको असते, खाते हवे असते. फसवणुकीतून मिळालेली रक्कम लगेच इकडून तिकडे फिरवायला त्यांना निष्पाप माणसांच्या नावावरची खाती लागतात. अशा खात्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. टेलिग्रामवर ‘घरबसल्या काम, प्रत्येक व्यवहारावर कमिशन’ अशी जाहिरात येते. पुढे पासबुक, डेबिट कार्ड आणि सिमकार्ड मागितले जाते. हजार-दोन हजारांसाठी एखादा मुलगा ते देऊनही टाकतो.

दुसरा प्रकार याहून साधा दिसतो. एटीएमपाशी कुणी अनोळखी माणूस म्हणतो, ‘दादा, तुला ऑनलाइन पाठवतो, मला कॅश दे ना.’ त्याने पाठवलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले, तर माग काढत तक्रार तुमच्या खात्यापर्यंत पोहोचते. बँक ती रक्कम रोखते, कधी अख्खे खातेच गोठवते. परराज्यातल्या पोलिसांची नोटीस येऊ शकते. मेसचे बिल भरायला पैसे नाहीत ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण अशी की, आपण त्या टोळीतले नव्हतो हे पोलिसांना पटवून द्यावे लागते, आणि खाते कमिशन घेऊन दिलेले असेल तर ते पटवणे जवळजवळ अशक्य होते.

पैसे घेताना पिन लागत नाही, हे आता बहुतेक मुलांना पाठ आहे. त्याला आणखी दोन नियम जोडा. आपले खाते, कार्ड आणि सिम कुणालाही वापरायला द्यायचे नाही, मग तो वर्गमित्र का असेना. अनोळखी माणसाला ऑनलाइनच्या बदल्यात रोख द्यायची नाही. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ती अडवता येते.

पुढच्या आठवड्यात : ‘ऑटोपे’ आणि दरमहा गुपचूप कापले जाणारे पैसे. तोवर आपल्या ॲपमध्ये कुठकुठल्या ऑटोपेला मंजुरी दिली आहे, ते एकदा पाहून ठेवा.