आधी पाणी, मग खाणं, औषध सगळ्यांत शेवटी

अमेरिकेत डिस्कस मासा पाळायला घेणारे बरेच जण पिल्लांपासून सुरुवात करतात. पूर्ण वाढलेली जोडी महाग पडते. अडीच-तीन इंचांचं पिल्लू त्या मानाने परवडतं आणि त्याला डोळ्यांदेखत वाढताना पाहायची हौसही भागते. ही पिल्लं फ्लॉरिडातल्या मत्स्यशेतांतून येतात, काही मलेशिया, थायलंड किंवा जर्मनीतून आयात होतात. गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा शेवटचा प्रवास ती बहुधा ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रातोरात पोचणाऱ्या कुरिअरने करतात. टाकीत सोडल्यावर मात्र त्यांतली कित्येक काळवंडून कोपरा धरतात आणि खाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मग मालकाची धावपळ सुरू होते. रोज नवं खाणं टाकून बघायचं, हीटर वाढवायचा आणि दोन दिवसांत कुणीतरी सुचवलेलं औषध पाण्यात ओतायचं. यामागे कळकळ असते, पण क्रम उलटा असतो. नव्या पिल्लाने खाणं सोडलं, की त्याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात, प्रवासात किंवा भीतीत सापडतं. त्यामुळे पहिले काही आठवडे आधी पाणी आणि सोबत सांभाळावी, खाण्याचा विचार त्यानंतर करावा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसल्याशिवाय औषधाला हात लावू नये.

हा क्रम का, हे समजायला माशाची जात थोडी ओळखावी लागते. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये डिस्कसचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, संथ, उबदार आणि क्षार अगदी कमी असलेल्या पाण्यातला. तो बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाला कळपाने राहतो. त्याच्या पिल्लांचं बालपण माशांमध्ये विरळाच आढळणारं आहे. आईबापांच्या अंगावर जो श्लेष्मा स्रवतो, तो टिपून ती पहिले दिवस जगतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम हिल्डमन यांनी १९५९ मध्ये या संगोपनावर लिहिलं. पुढे २०१० मध्ये ब्रिटिश आणि ब्राझिलियन संशोधकांच्या अभ्यासात असं दिसलं, की पिल्लं सांभाळणाऱ्या जोडीच्या श्लेष्म्यात प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढलेली असतात आणि काही आठवड्यांनी आईबाप पिल्लांपासून दूर पोहू लागून त्यांची ही सवय हळूहळू तोडतात. म्हणजे दुकानात येणारं पिल्लू हे संरक्षक आहारावर वाढलेलं, कळपाची सवय असलेलं आणि आईबापांपासून तुटून फार दिवस न झालेलं असतं. अशा पिल्लाला एकटं किंवा दुकटं आणून उजेडाच्या टाकीत सोडलं, तर ते लपणारच. दोन-तीन पिल्लांत एक दांडगं निघतं आणि उरलेल्यांना खाऊ देत नाही. सहा किंवा अधिक पिल्लं एकत्र ठेवली, की तोच त्रास वाटला जातो आणि एकाने खाण्याला तोंड लावलं की बाकीचीही धीर करतात.

पहिली परीक्षा पिशवीतच झालेली असते. बंद पिशवीत मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडत राहतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होतं आणि त्या आम्लतेमुळे अमोनियाचा बहुतांश भाग अमोनियमच्या, म्हणजे बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात राहतो. डिस्कसला मानवणाऱ्या २८ ते ३० अंश सेल्सियस तापमानात सहा पीएचला विषारी अमोनियाचं प्रमाण एकूण अमोनियाच्या हजारात एका भागाहूनही कमी असतं. सात पीएचला ते शंभरात एकाच्या आत राहतं आणि आठ पीएचला शंभरात सहा-सात भागांवर जातं. पिशवी उघडली, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि इतका वेळ निद्रिस्त असलेला अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशांना त्याच घाण पाण्यात ठेवून तासन्‌तास थेंब-थेंब नवं पाणी देण्याची पद्धत उलटू शकते. तापमान जुळवून, पिशवीतलं पाणी टाकून देऊन, मासे आधीच तयार ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात लवकर हलवणं अधिक सुरक्षित ठरतं. मात्र विक्रेत्याकडचं आणि घरचं पाणी पीएच आणि क्षारांच्या बाबतीत फार वेगळं नसावं. ते मोजून ठेवण्याची वेळ मासे येण्याआधीची, पिशवी हातात आल्यानंतरची नव्हे.

दुसरी परीक्षा नळाची. डिस्कसच्या पिल्लांसाठी रोज मोठ्या प्रमाणात पाणी बदलण्याचा सल्ला सर्रास मिळतो आणि तो योग्यही आहे. पण अमेरिकेतल्या अनेक शहरांत ते पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेलं असतं. वॉशिंग्टन डीसीने २००० मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये क्लोरामाइन स्वीकारलं. पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर चार मिलिग्रॅमपर्यंत त्याला परवानगी आहे; माशांच्या कल्ल्यांना मात्र त्याच्या अगदी छोट्या अंशानेही इजा होते. साधं क्लोरीन बादलीत रात्रभर ठेवून बरंच उडून जातं, क्लोरामाइन तसं जात नाही. सोडियम थायोसल्फेटने ते मोडता येतं, पण मोडताना अमोनिया मागे राहतो, म्हणून अमोनियाही बांधून ठेवणारा वॉटर कंडिशनर लागतो. हे ठाऊक नसलेला मालक रोज मन लावून पाणी बदलतो आणि रोज पिल्लांचे कल्ले थोडे थोडे भाजत राहतो. त्यात हीटर वाढवला की भर पडते, कारण ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन प्रतिलिटर साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, २० अंशांना तो नऊच्या वर असतो. भाजलेल्या कल्ल्यांना कमी ऑक्सिजन मिळाला, की धाप आणि अन्नावरची वासना उडणं ओघाने आलंच.

खाणं आणि पाणी हे एकाच हिशोबाचे दोन रकाने आहेत. मलेशियातल्या संशोधकांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार डिस्कसच्या पिल्लांना आहारात सुमारे ४५ ते ५० टक्के प्रथिनं लागतात. प्रथिनं जास्त म्हणजे नायट्रोजन जास्त. मत्स्यपालनातला एक ठोकताळा सांगतो, की दिलेल्या प्रथिनांच्या साधारण नऊ टक्के वजनाचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. सात-आठ पिल्लांना दिवसाला पाच ग्रॅम कोरडं खाणं घातलं आणि त्यात ४५ टक्के प्रथिनं असली, तर जवळपास २०० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. २०० लिटरच्या टाकीत हे प्रतिलिटर एक मिलिग्रॅम झालं, तेही एका दिवसात आणि न खाता कुजलेला भाग धरलाच नाही. फिल्टरमधले जिवाणू आधीच रुजलेले असले, तर ते हा भार पेलतात. नव्या टाकीत ते नसतात, आणि न खाणाऱ्या पिल्लापुढे खाणं वाढवत नेणं म्हणजे त्याच्या न खाण्याचं कारण वाढवत नेणं. म्हणून पहिल्या दिवशी काहीच देऊ नये, दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर द्यावं आणि उरलेलं दहा-पंधरा मिनिटांत काढून घ्यावं. पिल्लं खाऊ लागली, की दिवसातून चार-सहा वेळा थोडंथोडं. तळाला वाळू-खडी नसलेली रिकामी टाकी दिसायला बोडकी दिसते, पण तिच्यात उष्टं आणि विष्ठा दोन्ही लपत नाहीत, हे या काळात महत्त्वाचं. आहारात चांगल्या दर्जाचे बारीक दाणे, गोठवलेली ब्राइन श्रिंपची पिल्लं, कोळंबी-माशांचा घरचा लगदा एवढं पुरेसं आहे. अमेरिकन हौशी लोकांत गाईच्या हृदयाचा लगदा जुना आणि लोकप्रिय आहे, पण वाढीसाठी तो अपरिहार्य नाही, पाणी लवकर घाण करतो आणि ज्यांना तो घरात नको आहे त्यांनी टाळल्याने पिल्लांचं काही बिघडत नाही. जिवंत ट्युबिफेक्स कृमी मात्र सगळ्यांनीच टाळावेत, कारण ते घाण पाण्यात वाढतात आणि रोग सोबत आणतात.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: मोठा मासा दहा दिवस उपाशी राहील, पिल्लाला वाट बघणं परवडेल का? बालपणीची उपासमार डिस्कसच्या अंगावर दिसते. डोळा मोठा राहतो, अंग गोल व्हायचं ते लांबट होतं, आणि ही तूट पुढे भरून निघणं कठीण असतं. पण हा तोटा आठवड्यांच्या उपासमारीने होतो. रंग परततोय, पोहणं सरळ आहे, श्वास शांत आहे आणि पिल्लू खाण्याकडे वळून तरी बघतंय, अशा स्थितीत चार-पाच दिवसांच्या उपासाने काही बिघडत नाही. कपाळ आणि पोट खपाटीला जाणं, पाठ धारदार होणं, एकच कल्ला हलणं, धाप लागणं, कळपापासून वेगळं पडणं ही चिन्हं दिसली, तर वाट बघू नये. वाट बघण्याचा अर्थ डोळे मिटून बसणं नाही. रोज अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजणं हा त्याचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप अनुभवी पाळणाऱ्यांचा असतो: डिस्कसच्या आतड्यात परजीवी असतातच, मग मेट्रोनिडाझोल हे औषध आधीच दिलं तर काय बिघडलं? परजीवी असतात, हे खरं. स्पायरोन्युक्लियस व्हॉर्टेन्स या चाबकासारख्या शेपट्यांच्या परजीवीचं वर्णन फ्लॉरिडातल्या एंजल माशांवरून १९९५ मध्ये झालं आणि त्याच्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. पण डिस्कसच्या पिल्लांना खंगवणारा आणखी एक परजीवी आहे, क्रिप्टोबिया इउबिलान्स. तो जठराच्या भिंतीत गाठी करतो. फ्लॉरिडा विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी पिल्लांमधल्या या रोगाचा अभ्यास २००४ मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेल्या इतर दोन औषधांनी लागण कमी झाली, पण समूळ गेली नाही. मेट्रोनिडाझोलचा या परजीवीवर उपयोग होत नाही. बाहेरून मात्र दोन्ही रोग सारखेच: काळवंडणं, खंगणं, खाणं सोडणं. सूक्ष्मदर्शकाखाली स्पायरोन्युक्लियस सुसाट सरळ धावतो आणि क्रिप्टोबिया वळवळत पुढे सरकतो, तेव्हा फरक कळतो. क्षयाच्या जातीचे जिवाणूही तशाच गाठी करतात आणि त्यांना ओळखायला वेगळा रंग वापरावा लागतो. ज्या पांढऱ्या दोरीसारख्या विष्ठेवरून लोक निदान करतात, ती रिकाम्या आतड्यातून पडणाऱ्या श्लेष्म्याचीही असू शकते. म्हणजे उपाशी मासा आजाऱ्यासारखा दिसतो, आणि आजाऱ्याला चुकीचं औषध देऊन आठवडा वाया घालवणं उपवासापेक्षा महाग पडतं.

तिसरा आक्षेप पैशांचा: माशाच्या किमतीहून पशुवैद्याची फी जास्त, मग कोण जाणार? हिशोब एका माशाचा केला तर हे बरोबर वाटतं. पण तपासणी एका माशाची झाली, तरी तिचा निष्कर्ष साऱ्या टाकीला लागू होतो. अमेरिकेत माशांचे पशुवैद्य शोधायला त्यांच्या संघटनेच्या याद्या आहेत. फक्त एक अट पाळावी लागते: असे परजीवी मासा मेल्यावर लवकर ओळखू येईनासे होतात, म्हणून नमुना जिवंत किंवा नुकताच मेलेला हवा, फ्रीजरमध्ये गोठवलेला नको. शिवाय दुकानातून परस्पर औषध घेण्याची वाट अरुंद होत चालली आहे. शोभेच्या माशांसाठी मान्यतेशिवाय सूक्ष्मजीवविरोधी औषधं विकणाऱ्या नऊ कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये इशारापत्रं पाठवली. ज्यांना ही कडकाई जाचक वाटते, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की अंदाजाने दिलेलं औषध फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतं, आणि मग पुन्हा अमोनियाशीच गाठ पडते.

या सगळ्याचा खर्च खरेदीच्या दिवशीच धरावा लागतो. वेगळी क्वारंटाइन टाकी, त्यात आधीच रुजलेला फिल्टर, पाण्याच्या चाचण्या, कंडिशनर आणि किमान ३० दिवसांचा संयम ही किंमत पिल्लांच्या किमतीत मिळवून मगच परवडतंय का ते पाहावं. जुन्या डिस्कसमध्ये नवी पिल्लं थेट सोडू नयेत, कारण वेगवेगळ्या शेतांतल्या माशांना एकमेकांच्या जंतूंची ओळख नसते आणि आजार दोन्हीकडे पसरतो. विक्रेत्याला भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पिल्लं सध्या काय खातात, त्यांच्या पाण्याचा पीएच आणि तापमान किती, आणि ती आपल्यासमोर किंवा व्हिडिओवर खाताना दाखवता येतील का. या तीन उत्तरांशिवाय घेतलेलं पिल्लू स्वस्त मिळालं तरी घेऊ नये; उत्तरं मिळाली, तर घरच्या टाकीत कुठे काय बिघडलं हे शोधायला आधार राहतो.